कडब्यांतील तार शोधण्याचें घरगुती यंत्र : तें जुळवावें कसें ?

गाय-बैल चारा पुरता न चावतांच गिळतात. त्यामुळें कडब्याबरोबर तारेचा तुकडा किंवा खिळा गेल्यास तो जाळीदार पोटांत अडकतो, त्याची भिंत भेदतो आणि कधीं कधीं हृदयापर्यंत पोहोंचतो. आमच्या गोठ्यांतील एक दुभती गाय अशाच तुकड्यानें दगावली. तेव्हांपासून कडबाकुट्टींतून निघालेला चारा गव्हाणींत टाकण्यापूर्वीं आम्ही त्यावरून घरीं केलेलें धातुशोधक यंत्र फिरवितों. परंतु मोजणीची साखळी तपासल्यावांचून जसें क्षेत्र खरें निघत नाहीं, तसा जुळविल्यावांचून या यंत्राचाही भरंवसा नाहीं.

यंत्राची रचना सोपी आहे. लांकडी चकतीवर तांब्याच्या तारेचे वेढे, त्यांत विजेचीं कंपनें उत्पन्न करणारें मंडळ, आणि तीं मोजणारी आर्डुइनो नांवाची लहान पाटी. वेढ्यांजवळ धातु आला म्हणजे कंपनांची संख्या बदलते. सेकंदास सुमारें 1 लाख कंपनें होत असून पाटी सेकंदाचा दहावा भाग मोजीत असेल, तर आंकडा 10,000 च्या आसपास येतो.

पाटी यूएसबी तारेनें लॅपटॉपास जोडावी, म्हणजे हे आंकडे ओळीनें पडद्यावर उतरतात. दोन्हींकडे वेग एकच, उदाहरणार्थ 9600, ठेवावा. तो निराळा असल्यास आंकड्यांऐवजीं अर्थहीन अक्षरें दिसतात. लॅपटॉपांतही धातु असल्यानें तो दोन हात दूर असावा.

आतां जुळणी. यंत्र दहा मिनिटें चालूं ठेवून तापूं द्यावें. नंतर ज्या जागीं तें वापरावयाचें तेथेंच, नेहमींच्या उंचीवर, धातु जवळ नसतां पन्नास आंकडे वहींत उतरावे. आम्हीं प्रथम ही जुळणी ओसरीवर लोखंडी खाटेशेजारीं बसून केली. खळ्यांत जातांच यंत्र उगाच ओरडूं लागलें.

समजा, सरासरी 10,420 आली व आंकडे तिच्या वरखालीं 3 नें हलले. तर त्याच्या तिप्पट, म्हणजे 9 चा फरक पडल्यावरच भोंगा वाजावा, असा आंकडा पाटींत भरावा. फरक वाढीचा असो वा घटीचा, दोन्ही धरावे.

त्यानंतर बोटभर लांबीचा तारेचा तुकडा चाऱ्याखालीं ठेवून पाहावा. चार बोटें थराखालीं फरक 6 व दोन बोटें थराखालीं 20 पडला, तर थर दोन बोटेंच ठेवावा. भोंग्याची मर्यादा खालीं आणूं नये, नाहीं तर खोट्या हांकांस कंटाळून मनुष्य खरीही हांक ऐकत नाहीं. उन्हानें आंकडा सरकतो, म्हणून दर पाव तासानें मूळ सरासरी पुन्हां घ्यावी.

इतकें करूनही पेंढ्या तारेनें न बांधणें हाच पहिला उपाय होय. यंत्र चुकल्यावर मागाहून सांपडलेला तुकडा हा गुराच्या जिवाएवढा महाग असतो.