काळी-पांढरी स्लाइड घरी धुताना होणारे बिघाड

डिजिटल कॅमेरा घरोघरी पोहोचला, तरी काळ्या-पांढऱ्या फिल्मचे शौकीन अजून आहेत. काहींना निगेटिव्ह नको असते, फिल्मवरच सरळ चित्र, म्हणजे स्लाइड हवी असते. छोट्या डार्करूममध्ये हे काम होते. परंतु यात निगेटिव्ह उरत नाही. फिल्म बिघडली की चित्र कायमचे गेले. ग्राहकाची फिल्म ही आपल्याकडे अमानत असते. म्हणून बिघाड कोणत्या पायरीवर झाला हे ओळखण्याची रीत आम्ही येथे देत आहोत.

कामाचा क्रम असा: पहिला डेव्हलपर, धुणे, ब्लीच, धुणे, क्लिअरिंग, पुन्हा धुणे, प्रकाश दाखविणे, दुसरा डेव्हलपर, फिक्सर व शेवटचे धुणे. पहिल्या डेव्हलपरमध्ये निगेटिव्ह तयार होते. ब्लीच त्यातील चांदी विरघळवून टाकते. उरलेल्या क्षारावर प्रकाश पडून दुसऱ्या डेव्हलपरमध्ये सरळ चित्र उमटते.

फिल्म तयार झाली की प्रथम चित्र पाहू नये, टोक व कड पाहावी. उजेड खाल्लेले सुरुवातीचे टोक पारदर्शक हवे आणि उजेड न लागलेली कड गडद काळी हवी. दोन्ही बरोबर असून चित्र अंधारे किंवा फिके असेल, तर दोष बहुधा कॅमेऱ्यातील एक्स्पोजरचा असतो.

टोक करडे राहिले तर पहिला डेव्हलपर कमी पडला किंवा ब्लीच अपुरे झाले. यातील कोणते, हे क्लिअरिंगनंतरच कळते. त्या वेळी फिल्म दुधी-पिवळसर दिसावी. काळे चित्र शिल्लक असेल तर दोष ब्लीचचा. फिल्म चांगली धुऊन पुन्हा ताज्या ब्लीचमध्ये घालावी. दुसऱ्या डेव्हलपरनंतर मात्र हा उपाय करू नये, ब्लीच सगळेच चित्र खाऊन टाकील.

कड काळी न होता करडी राहिली, तर पहिला डेव्हलपर जास्त वेळ किंवा जास्त गरम झाला असेल, नाहीतर प्रकाश किंवा दुसरा डेव्हलपर कमी पडला असेल. म्हणून फिक्सरपूर्वी कड तपासावी. फिक्सरपूर्वी पुन्हा प्रकाश दाखवून डेव्हलपरमध्ये घालता येते, नंतर नाही.

तपकिरी डाग हे परमँगनेटचे असतात. क्लिअरिंग नीट झाले नाही असे समजावे. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट घालून केलेल्या द्रावणात ते सहसा निघतात. हे द्रावण वापरताना खिडकी उघडी ठेवावी.

फिल्मचा थर सुटणे किंवा फोड येणे हा उन्हाळ्यातील नेहमीचा त्रास. आम्लाच्या ब्लीचमध्ये थर मऊ होतो. सर्व द्रावणे व धुण्याचे पाणी २० अंशांच्या आसपास ठेवावे. बाटल्या बर्फाच्या पाण्यात उभ्या कराव्यात, बर्फ द्रावणात टाकू नये. ओल्या थराला बोट लावू नये.

ब्लीचसाठी ५०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि वेगळ्या ५०० मिलिलिटर पाण्यात १० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल, अशी दोन द्रावणे करून वापरण्याच्या वेळीच एकत्र करावीत. पाणी डिस्टिल्ड घ्यावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे ब्लीच बिघडते. आम्ल नेहमी पाण्यात सावकाश ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. कोरडे परमँगनेट तीव्र आम्लात टाकल्यास स्फोट होऊ शकतो. संडास साफ करण्याचे अॅसिड मुळीच वापरू नये, परमँगनेटबरोबर त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बॅटरीचे अॅसिड आधीच पातळ केलेले असते, त्यामुळे वरील माप त्याला लागू पडत नाही. हातमोजे व चष्मा घालावा आणि मुलांना खोलीबाहेर ठेवावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तापमान, मिनिटे व फिल्मची जात वहीत लिहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कारण हाती लागत नाही.

ग्राहकाचा रोल हाती घेण्यापूर्वी त्याच जातीच्या फिल्मचा तुकडा स्वतःच्या खर्चाने धुऊन पाहावा. निगेटिव्ह मिळणार नाही हे ग्राहकाला आधी सांगावे. मालातील दोष लपवून विकू नये ही आपली शिकवण आहे. मजुरीच्या कामातील जोखीमही तशीच उघड सांगावी. अशा कारागिराकडे ग्राहक पुन्हा येतो, आणि रोजीत बरकत देणारा अल्लाह आहे.