वाळू कोणाची?

मुलांनो, फ्रान्समधील ल तुके या गावी समुद्रकिनाऱ्यावर मोटारसायकलींची मोठी शर्यत होते. ती १९७५ साली सुरू झाली. तेथे क्वाडही धावतात. क्वाड म्हणजे चार जाड चाकांची उघडी गाडी.

मोटारसायकल वळताना एका बाजूला झुकते. तिला अरुंद वाट पुरते. क्वाडला रुंद वाट लागते. दोन्ही गाड्या एकत्र धावल्या, तर टक्कर होऊन एखाद्याचा जीवही जाईल. मग वाळू कोणाची? दोघांचीही! शनिवारी क्वाड धावतात, रविवारी मोटारसायकली.

तुमच्या शाळेचे मैदानही एकच असेल. मोठी मुले रोज क्रिकेट खेळत असतील आणि लहान मुले कडेला उभी राहत असतील, तर तुम्ही मैदान कसे वाटून घ्याल?

शब्दार्थ : अरुंद – कमी रुंदीची