टेबलावर टीव्ही नको

कराड

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून घाईत ठेवला. हे व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यासारखं नाही, तेव्हा सविस्तर लिहितो.

तुझ्या हाताशी तीस हजार आहेत, कॉम्प्युटर जोडून झालाय, त्यात आरटीएक्स ४०६० कार्ड आहे. आता २७ इंची मॉनिटर घ्यावा की जवळपास त्याच पैशांत येणारा ४३ इंची फोर-के टीव्ही? ताई म्हणते टीव्ही घ्या, सगळ्यांच्या उपयोगी पडेल. दाजी म्हणतात मामाला विचार, म्हणजे पुढं काही बिनसलं तर बोलणी मला.

मी टीव्ही विकून आणि दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. तरी सांगतो, मॉनिटर घे.

तुझं टेबल मी पाहिलंय. कितीही मागं सरकलास तरी डोळे आणि पडदा यांत अडीच फुटांच्या वर अंतर मिळायचं नाही. ४३ इंची टीव्हीची रुंदी ९५ सेंटिमीटर, म्हणजे तीन फुटांहून थोडी जास्तच. इतक्या जवळून कोपऱ्यातला मिनीमॅप बघायला दर वेळी मान वळवावी लागणार, आणि व्हॅलोरंटमध्ये तेवढ्यात समोरचा तुला टिपून मोकळा होतो. २७ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटर रुंद, सगळा एका नजरेत मावतो. इंच वाढले म्हणून चित्र रेखीव होतं असंही नाही. २७ इंची १४४०पी मॉनिटरवर एका इंचात १०९ पिक्सेल बसतात, ४३ इंची फोर-केवर १०२, ५५ इंचीवर ८०. तुझा मित्र जो स्वस्तातला ३२ इंची ‘एचडी रेडी’ सुचवतोय, त्यावर जेमतेम ४९. टेबलावरून ते ठिपके तुला मोजता येतील.

पण हे झालं आकाराचं. खरं दुखणं उशिराचं आहे. टीव्ही आलेलं चित्र आहे तसं पुढं ढकलत नाही. आतला प्रोसेसर कडा ठळक करतो, रंग खुलवतो, आणि दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या हिशेबानं तिसरी फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो. मधली फ्रेम काढायची तर पुढची हातात यावी लागते, तोवर आधीची थोपवून धरायची. क्रिकेट बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण चेंडू टाकणारा तू नसतोस. गेममध्ये माऊस तुझ्या हातात असतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. गेम मोड बंद असेल तर साध्या टीव्हीत ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे बटण दाबल्यावर तीन ते सहा फ्रेम उलटल्या की मग गोळी सुटलेली दिसणार. गेम मोड लावला की ही सगळी सजावट बंद पडते आणि चांगल्या टीव्हीत उशीर १०-१५ मिलिसेकंदांवर येतो. चांगल्या गेमिंग मॉनिटरमध्ये तो त्याहूनही कमी. पिक्चर ट्यूबच्या साध्या टीव्हीत ही भानगडच नव्हती. सिग्नल आला की ट्यूबवर रेघ उमटली, विषय संपला.

खोक्यावर ‘१ एमएस’ छापलेलं असतं ते या उशिराचं माप नव्हे. एका पिक्सेलला रंग बदलायला किती वेळ लागतो, तोही कंपनीला सोयीच्या स्थितीत, एवढंच ते सांगतं. खरा उशीर, म्हणजे इनपुट लॅग, खोक्यावर सहसा कुणी छापत नाही. टीव्हीवरच्या ‘मोशन रेट’च्या मोठ्या आकड्यांनाही भुलू नकोस. तीस हजारांतल्या टीव्हीचं पॅनेल सहसा ६० हर्ट्झचंच असतं, बाकीचा आकडा त्या घुसडलेल्या फ्रेमांचा. याच पैशांत १६५ किंवा १८० हर्ट्झचा मॉनिटर मिळतो. अर्थात सगळ्या गेमना त्याचा उपयोग नाही. तुझा लाडका एल्डन रिंग पीसीवर ६० फ्रेमच्या वर जातच नाही, त्याच्यासाठी हर्ट्झ विकत घेऊ नकोस. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकसाठी मात्र घे.

कार्डाचाही विचार कर. फोर-के म्हणजे एका फ्रेमला ८३ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख. ४०६०ला नवे जड गेम फोर-केमध्ये ओढवत नाहीत. डीएलएसएस लावून भागवता येतं, पण टीव्ही घेऊन कार्ड रडवण्यापेक्षा कार्डाला झेपेल असा पडदा घ्यावा.

राहिली अक्षरं. दिवसभर त्याच पडद्यावर तू कोड लिहिणार आणि जर्नलही टाइप करणार. बरेच टीव्ही चार पिक्सेलांत मिळून रंगाची माहिती एकदाच घेतात. याला ४:२:० म्हणतात. सिनेमात कळत नाही, पण निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहून बघ, कडा शेवाळल्यासारख्या दिसतात. काही टीव्हींत इनपुटचं नाव ‘पीसी’ ठेवलं की पूर्ण ४:४:४ मिळतं, पण सगळ्यांत नाही. शिवाय काही टीव्ही चित्राच्या चारी कडा कापतात आणि विंडोजचा टास्कबार अर्धा गायब होतो. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधत बसावं लागतं. माझ्याकडे ‘टीव्ही बिघडलाय’ म्हणून आलेल्या तक्रारींत ही एक ठरलेली.

टीव्हीला वाईट म्हणायचं नाही मला. हॉलमध्ये आठ फुटांवर सोफ्यात बसून, हातात कंट्रोलर घेऊन, धाकट्याबरोबर ईए एफसी किंवा फोर्झा होरायझन खेळायचं असेल तर मोठ्या टीव्हीसारखी मजा मॉनिटरवर नाही. मग मात्र १२० हर्ट्झचं पॅनेल, एचडीएमआय २.१ आणि व्हीआरआर बघूनच घ्यावा, आणि ते तुझ्या पैशांत बसत नाही. ओएलईडीचा काळा रंग बघितलास तर हरखून जाशील, पण त्यावर एकाच जागी तासन्‌तास राहणारा टास्कबार कायमचा ठसा उमटवू शकतो. शिवाय हॉलमधल्या टीव्हीवर संध्याकाळी साडेसात ते साडेदहा तुझा हक्क नाही, हे तुला मी सांगायला नको.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि एचडीएमआयची वायर बरोबर ने. विक्रेता डेमोचा व्हिडिओ लावेल, फुलं, पोपट, समुद्र. तो बंद करायला सांग आणि स्वतःचा लॅपटॉप जोड. माऊस जोरात गोल गोल फिरव. बाण हाताच्या मागून रखडत येतोय का ते बघ. मग वर्डची फाइल उघडून बारीक अक्षरं वाच. टीव्ही आणि मॉनिटर दोन्हींवर हेच कर, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको. पॅनेल आयपीएस घे. व्हीएचा काळा जास्त गडद असतो, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तूमागं काळपट शेपूट राहते. ‘एचडीआर ४००’च्या चिकटपट्टीला जादा पैसे देऊ नकोस. फ्रीसिंक असलेला घे, तुझ्या एनव्हीडिया कार्डावरही बहुतेक चालतो. स्टँड वरखाली होणारा असावा. खोकं उघडताना व्हिडिओ काढ, आणि पहिल्याच दिवशी पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून मेलेला पिक्सेल आहे का ते तपास. एखाद-दुसऱ्या मेलेल्या पिक्सेलसाठी सगळ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, तेव्हा नियम आधी विचारून घे.

ताईची समजूत घालायला एक सोपा उपाय आहे. पाच मीटरची एचडीएमआय वायर घे. रविवारी ती हॉलमधल्या टीव्हीला जोडून तिला हवा तो सिनेमा लावून दे. तुझी खोली आणि हॉल यांत भिंत एकच आहे, वायर पुरेल.

मॉनिटर जोडताना डिस्प्लेपोर्टची वायर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लाव, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टात नव्हे. त्यानंतर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघ. बऱ्याचदा तो ६०वरच बसलेला असतो, आपल्या हातानं वाढवावा लागतो. काही केल्या वाढला नाही तर फोन कर. दुपारी एक ते तीन सोडून, तेव्हा मी झोपतो.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा