गहू बंद करण्याआधी

“डॉक्टर, साधा गहू आम्ही बंद केलाय. पण खपली चालते ना?”

पालकहो, हा प्रश्न आपल्या कृष्णाकाठी हटकून येतो, आणि येणारच. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात खपली घरची. लग्नकार्यातली खीर तिची, पुरणपोळी तिची, वर शुगरच्या पेशंटला बरी असा तिचा लौकिक. तरीही उत्तर ‘नाही’ असंच आहे. खपली हा गव्हाचाच एक जुना प्रकार. ग्लुटेन नावाचं प्रथिन त्यातही असतं, आणि सीलिअॅक आजार असलेल्या लेकराला ते चालत नाही. पण खपलीचं राहू द्या. मला आधी विचारायचं असतं ते वेगळंच. गहू बंद करायला सांगितलं कुणी? आणि बंद करण्याआधी रक्त तपासलं होतं का?

बहुतेक वेळा तपासलेलं नसतं. शेजारणीच्या भाचीला गहू सोडल्यावर बरं वाटलं, मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ आला, की झाली चपाती बंद. मग महिना-दोन महिन्यांनी शंका घेऊन दवाखान्यात यायचं. तोवर रक्तातला पुरावा पुसट व्हायला लागलेला असतो.

हा आजार नेमका काय, ते थोडक्यात सांगतो. ही अॅलर्जी नव्हे आणि अपचनही नव्हे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नातलं सत्त्व शोषून घेणारे तिथले बोटांसारखे, पण सूक्ष्मदर्शकातूनच दिसणारे उंचवटे झिजून सपाट होतात. मूल पोटभर जेवतं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाचा जुना संशय पक्का झाला. त्याच्याकडची सीलिअॅकची मुलं त्या उपासमारीत सुधारली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. गहू दोषी ठरला तो तिथून.

तान्हेपण सरताना, वरचं खाणं सुरू झाल्यावर काही महिन्यांत जुलाब, फुगलेलं पोट, काड्यांसारखे हातपाय, चिडचिड: हे चित्र पुस्तकातलं. ते दिसलं की डॉक्टरांच्या लक्षात येतं. चुकतं ते मोठ्या मुलांच्या बाबतीत. तासगावकडची एक नववीतली मुलगी आठवते. जुलाब नाहीत, उलट पोट साफ होत नाही अशीच तक्रार. धाकटा भाऊ उंचीने तिच्या पुढे गेलेला, पाळी आलेली नाही, हिमोग्लोबिन सातच्या आसपास. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं, आजीने दृष्टही काढली. “आमच्यात सगळ्या पोरी उशिराच मोठ्या होतात,” असं आई सांगत होती. शाळेच्या वजन-उंचीच्या नोंदी मागवल्या, तर उंची जवळजवळ दोन वर्षं एका जागी अडकलेली. वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. ही वाढ थांबली असेल आणि लोह देऊनही रक्त वाढत नसेल, तर टीटीजी ही रक्ताची तपासणी करायला हवी. तिची केली आणि उत्तर मिळालं.

आपल्याकडे हा आजार मनात यायला वेळ लागतो, कारण तो उत्तरेचा समजला जातो. तेही अगदीच खोटं नाही. २०१६ साली देशाच्या तीन भागांतल्या तेवीस हजारांवर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेत शंभरात साधारण सव्वा माणसांच्या रक्तात सीलिअॅकची प्रतिपिंडं आढळली, दक्षिणेत हजारात एकाच्या. गंमत अशी, की या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. फरक मोठा होता तो ताटातल्या गव्हाचा. आता आपण कुठे बसतो ते बघा. माणदेशात बाजरी, जतकडे शाळू, घाटमाथ्यावर भात आणि नाचणी असं आपलं खाणं. रेशनचा गहू आला, शाळेच्या डब्यात चपाती आली, चहाबरोबर बिस्कीट आलं. मुलगा अशक्त दिसला की आपण त्याला भाकरीऐवजी काय देतो? ग्लुकोजची बिस्किटं आणि दुधात माल्टची पावडर. बिस्किटं मैद्याची, माल्ट बार्लीचा. आजार असेल, तर ताकदीसाठी म्हणून दिलेली वस्तूच त्याला खात असते.

आता तपासणीबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे आणि वेळ वाया जातात ते इथे. पहिली तपासणी रक्ताची: टीटीजी-आयजीए. तिच्याबरोबर आयजीए या प्रतिपिंडांचं एकूण प्रमाणही मोजावं लागतं. काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी बनतं, आणि मग आजार असूनही टीटीजी नॉर्मल येतं. रिपोर्टवर हा दुसरा आकडा नसेल तर विचारा. विचारल्याने कुणी रागावत नाही. टीटीजी वाढलेलं निघालं, तर पुढची पायरी दुर्बिणीची. तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तांदळाच्या कणीएवढे चार-सहा तुकडे काढतात. गुंगी देऊन करतात, तुकडे काढल्याचं दुखत नाही. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे टीटीजी वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर मुलांमध्ये दुर्बीण टाळता येते. आपल्याकडे बरेच डॉक्टर तरीही ती सुचवतात. मला त्यात वावगं वाटत नाही: पथ्य जन्मभराचं आहे, निदान पक्कं असलेलं बरं. मोठ्या माणसांत तर सहसा तुकडा तपासूनच निर्णय घेतात. जनुकांची तपासणी अडलेल्या वेळी कामाची. ती निगेटिव्ह आली तर आजार जवळजवळ नाहीच. पॉझिटिव्ह आली तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत ती जनुकं असतात आणि ते मजेत चपात्या खातात. शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या ‘इन्टॉलरन्स’ तपासण्यांचा सीलिअॅकशी काही संबंध नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत चपाती चालू ठेवायची. गहू सोडला की टीटीजी हळूहळू उतरतं, आतडं भरून येऊ लागतं, आणि मग खरा रुग्णसुद्धा कागदावर निरोगी दिसतो. सोडलाच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज दोन-एक चपात्या काही आठवडे खाऊन पुन्हा तपासावं लागतं. बरं वाटणाऱ्या पोराला पुन्हा आजारी पाडण्याचा हा प्रकार आईच्या जिवावर येतो. म्हणून सुरुवातीलाच घाई नको.

निदान पक्कं झालं की मात्र उलट शिस्त. मग सणालाही घासभर नाही. औषध एकच, ग्लुटेन बंद. सोबत काही महिने लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. पण खरं सांगू का, या बाबतीत आपण नशीबवान आहोत. दिल्ली-पंजाबातल्या आईला पोळीला पर्याय शोधावा लागतो, आपल्या पोळपाटाशेजारी भाकरीची परात आधीच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका सगळं चालतं. उपवासाची वरी, साबुदाणा, राजगिरा चालतो. जत्रेतलं मटण-भाकरी चालतं, रश्श्यात कणीक लावलेली नसली म्हणजे झालं.

अडतं ते गिरणीत. तुमच्या आधीच्या माणसाने गहू दळलेला असतो, जात्यात आणि पिठाच्या पिशवीत त्याची कणीक राहिलेली असते, आणि तुमच्या शाळूची पहिली दोन किलो तीच उचलून घरी येते. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी दिलेली मर्यादा किलोला वीस मिलिग्रॅमच्या आत आहे. म्हणजे चिमूटभर कणकेनेही गणित बिघडतं. ऐपत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही टाकू नका. नसेल, तर आणखी दोन-तीन कुटुंबांनी मिळून घ्या. ज्वारी निवडून धुऊन वाळवा, भाकरीचा तवा वेगळा ठेवा. बांधानी हिंगात मैदा असू शकतो, सातूच्या पिठात गहू किंवा बार्ली असते, कुरडया गव्हाच्याच, सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. प्रसादाला नाही म्हणायला आजीचं मन धजत नाही. तिला वेगळं बसवून समजावणं हाही उपचाराचाच भाग समजा. शिरा वरीचा केला तर देव रागावत नाही.

पथ्य नीट पाळलं की जुलाब काही आठवड्यांत आटोक्यात येतात, रक्त काही महिन्यांत भरतं, उंचीला वर्ष-दोन वर्षं लागतात. सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करतात. ते उतरत नसेल तर घरात कुठून तरी गहू शिरतोय.

शेवटचं सांगणं तुमच्यासाठी, मुलासाठी नव्हे. हा आजार घराण्यात चालतो. रुग्णाचे आईवडील आणि सख्खी भावंडं यांच्यात शंभरातल्या सात-आठ जणांना तो असतो, अनेकदा पोटाची एकही तक्रार नसताना. आईचं वर्षानुवर्षं कमी असलेलं रक्त ‘पाळीमुळे’ म्हणून सोडून दिलेलं असतं, बापाची हाडं पन्नाशीआधी ठिसूळ झालेली असतात, कुणाच्या कोपर-गुडघ्यांवरचे खाजरे फोड कुठल्याच मलमाला दाद देत नसतात. मोठ्यांतला सीलिअॅक असाच असतो. तेव्हा पोराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की घरातल्या सगळ्यांनी त्याच आठवड्यात रक्त द्या, आणि ते देईपर्यंत आपापली चपाती खात राहा.