सरोवराकाठची लाकडी कुटी

मुलांनो, प्रवासास निघणे आणि प्रवासाची सिद्धता करणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. निघावयास एक क्षण पुरतो. सिद्धता मात्र कित्येक दिवस आधी सुरू करावी लागते. जेथे दुकान, दिवे आणि शेजार हाताशी नाहीत, अशा ठिकाणी राहावयाचे असेल, तर प्रवासाचे सुखदुःख ह्या सिद्धतेवरच अवलंबून असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सुट्टीच्या दिवसांत अनेक कुटुंबे अशाच अरण्यात राहावयास जातात. ती कोठे जातात व कशी तयारी करतात, हे आज आपण पाहू.

मिनेसोटाला ‘दहा हजार सरोवरांचा प्रदेश’ म्हणतात. प्रत्यक्षात तेथील सरोवरांची संख्या त्याहूनही अधिक आहे. प्राचीन हिमयुगात हा प्रदेश बर्फाच्या प्रचंड थरांखाली दडलेला होता. ते बर्फ हळूहळू वितळले, जमिनीत जागोजाग खोलगट भाग उरले आणि त्यांत पाणी साठून ही सरोवरे झाली. राज्याच्या उत्तर भागात इटास्का नावाचे असेच एक सरोवर आहे. मिसिसिपी ही महानदी ह्याच सरोवरातून उगम पावते. उगमापाशी ती इतकी लहान आहे की, पाण्यातील दगडांवर पाय ठेवीत मुलेही तिच्या पलीकडे जातात. तीच नदी पुढे सुमारे ३,७०० किलोमीटर वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखातास मिळते.

इटास्का ह्या नावाची कथा मोठी मनोरंजक आहे. ओजिब्वे लोक ह्या जलाशयास फार पूर्वीपासून ओळखत होते. त्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘एल्क हरणांचे सरोवर’ अशा अर्थाचे होते. १८३२ साली ओझाविंडिब नावाच्या ओजिब्वे नायकाने हेन्री स्कूलक्राफ्ट ह्या प्रवाशास तेथवर वाट दाखविली. स्कूलक्राफ्टने लॅटिन भाषेतील ‘वेरिटास’ म्हणजे सत्य व ‘कापुट’ म्हणजे शिर, हे दोन शब्द जोडले आणि त्यांचा आरंभ व शेवट गाळून उरलेल्या अक्षरांचे ‘इटास्का’ हे नवे नाव बनविले. नाव देणारा पाहुणा होता. वाट दाखविणारा घरचा होता, हे विसरू नये.

सरोवराभोवती पाइन वृक्षांचे दाट अरण्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे व्यापारी अशी अरण्ये झपाट्याने तोडीत होते. तेव्हा जेकब ब्राउअर ह्यांनी खटपट केली आणि १८९१ साली हा परिसर राज्याचे उद्यान ठरला. विधिमंडळात हा ठराव अवघ्या एका मताच्या आधिक्याने संमत झाला! तरीही धोका टळला नाही. लाकडाचे ओंडके वाहून नेण्यासाठी व्यापाऱ्यांनी बांध घालून सरोवराचे पाणी चढविले, आणि काठची झाडे पाण्यात बुडू लागली. १९०३ साली उद्यानाची व्यवस्था मेरी गिब्ज ह्या चोवीस वर्षांच्या तरुणीकडे आली. बांधाची दारे उघडावीत म्हणून ती स्वतः तेथे गेली. बंदूक रोखून तिला धमकावण्यात आले, तरी ती डगमगली नाही. तिची कारकीर्द काही महिन्यांचीच ठरली. परंतु आज उगमाजवळील माहितीकेंद्रास तिचेच नाव आहे.

अशा अरण्यात राहावयास लाकडी कुट्या असतात. त्यांना तिकडे ‘केबिन’ म्हणतात. १९३३ ते १९४२ ह्या काळात अमेरिकन सरकारने बेकार तरुणांची पथके उभारून त्यांना वनांच्या कामास लावले. इटास्का येथे १९३४ साली त्यांनी बांधलेली एक कुटी आजही उभी आहे. तिचे ओंडके इतके जाड आहेत की, केवळ चार ओंडके एकावर एक ठेवताच भिंत पुरी झाली!

आता तयारीकडे वळू. पहिला प्रश्न ऋतूचा. तेथील हिवाळ्यात सरोवरे गोठतात. म्हणून बहुतेक कुटुंबे जून ते ऑगस्ट हे महिने निवडतात. त्या वेळी गर्दी असते. यास्तव कुटी फार आधी राखून ठेवावी लागते. साध्या कुटीत झोपावयाच्या फळ्या, गाद्या, मेज व बाके एवढेच सामान असते. नळ नसतो, आत स्वयंपाक करता येत नाही. तेव्हा अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, शिधा, पाण्याची भांडी, विजेरी, औषधांची पेटी आणि डास व गोचिडी ह्यांपासून बचावाची साधने, ही सर्व यादी करून बरोबर न्यावी लागतात. दिवसा ऊन असले, तरी रात्री गारठा पडतो. म्हणून उन्हाळ्यातही एक लोकरी कपडा हवाच.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. सुट्टीच्या आरंभी हवा उबदार झाली, तरी सरोवराचे पाणी थंडच असते. अशा पाण्यात एकाएकी पडल्यास श्वास कोंडतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर गळून जातात. यासाठी नावेत बसताना तरंगते जाकीट घालावे. दहा वर्षांखालील मुलांनी चालत्या नावेत ते घातलेच पाहिजे, असा तेथील कायदा आहे. अरण्यात काळी अस्वले असतात. अन्नाचा वास त्यांना दुरून येतो. म्हणून शिधा व खरकटे उघड्यावर न ठेवता बंद मोटारीत ठेवतात.

तिसरी गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. शेकोटीसाठी घरून लाकूड नेऊ नये. ॲश नावाच्या वृक्षाची साल आतून पोखरणारा एक हिरवा किडा मिनेसोटात २००९ साली प्रथम आढळला. लाकडाच्या मोळीतून तो नकळत दूरदूर जातो, आणि त्याची वस्ती झालेली झाडे काही वर्षांत वाळून जातात. म्हणून लाकूड उद्यानाजवळच विकत घ्यावे, आणि निघताना शेकोटीवर राख थंड होईपर्यंत पाणी ओतावे. बंदूकधाऱ्यांसमोर जे अरण्य राखण्यासाठी एक तरुणी उभी राहिली, त्याचा नाश आपल्या मोळीतील एका किड्याने व्हावा, ह्यासारखे दुर्दैव कोणते?

कुटी सोडताना ती झाडून स्वच्छ करावी, अशी तेथील रीत आहे. आपण येण्यापूर्वी कोणीतरी ती झाडली होती. आपल्यानंतर येणाऱ्यालाही ती तशीच मिळावयास हवी. प्रवासाची खरी तयारी केवळ आपल्या सुखाची नसते. मागून येणाऱ्याच्या सुखाचा विचारही तिच्यात असावा लागतो.

अभ्यास

१. इटास्का हे नाव कसे तयार झाले?
२. मेरी गिब्ज बांधापाशी का गेली? तिच्या अंगचे कोणते गुण तुम्हांस दिसतात?
३. घरचे लाकूड अरण्यात का नेऊ नये?
४. ‘नाव देणारा पाहुणा होता, वाट दाखविणारा घरचा होता.’ ह्या वाक्याचा भावार्थ लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : सिद्धता, आधिक्य, डगमगणे, हातपाय गळणे.
६. तुमच्या वर्गास दोन दिवस एखाद्या तलावाकाठी राहावयाचे आहे. न्यावयाच्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येक वस्तू का हवी, ते एका वाक्यात सांगा.