फवारणी पंपाची बॅटरी : दोष कोठे शोधावा?

नाशिकनजीकचे अंबड आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तथापि वसाहतीच्या पलीकडे द्राक्ष, टोमॅटो व पालेभाज्यांचे मळे आहेत. मोठ्या बागांत ट्रॅक्टरवरील यंत्राने फवारणी होते. लहान बागाईतदाराची भिस्त मात्र पाठीवरील बॅटरीच्या पंपावरच असते. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस झाला की केवडा रोगाचे भय उभे राहते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळी पावसाने जिल्ह्यातील द्राक्षबागांचे जे नुकसान झाले, ते बागाईतदार विसरलेले नाहीत. अशा दिवसांत दोन सरींमधील उघडीप हाती असता पंप बंद पडणे परवडत नाही.

पंप बंद पडताच नवी बॅटरी आणण्याची घाई होते. पुष्कळदा दोष अन्यत्र असतो. मोटरीचा आवाज नेहमीसारखा असून फवारा क्षीण असेल तर प्रथम गाळणी व तोटी स्वच्छ करावी. मोटर मुळीच फिरत नसेल तर फ्यूज, खटका व तारांचे सांधे पाहावेत. ताम्रयुक्त औषधाचे थेंब सांध्यांवर पडून तेथे हिरवट-निळसर थर धरतो व वीज अडते. बॅटरी सोडवून हा थर कोरड्या ब्रशने काढावा व सांधा घट्ट बसवावा. सांधा हाताला गरम लागत असेल तर तो सैल आहे असे समजावे.

यानंतर चार्जर तपासावा. घरातील दुसरे उपकरण लावून प्लगमध्ये वीज आहे याची खात्री करावी. कृषी वाहिनीवर वीज पाळीने येते तेथे रात्रभर चार्जर लावूनही बॅटरी रिकामीच राहिल्याची उदाहरणे घडतात. मग मीटर लावावा. (अंबडला मीटर वापरणारा कारागीर शोधत फिरावे लागत नाही.) १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी चार्जरला जोडली असता तिचा दाब हळूहळू वाढून १४ व्होल्टच्या आसपास गेला पाहिजे. तासाभरानेही आकडा जागचा हलत नसेल तर दुसऱ्या, त्याच प्रकारच्या चार्जरवर तीच बॅटरी लावून पाहावी. तेथे ती भरू लागली तर दोष चार्जरचा होय.

बॅटरीची परीक्षा ती पूर्ण भरून, काही तास विसावल्यावर करावी. अशा वेळी १२.७ व्होल्ट वा अधिक दाब असणे हे सुस्थितीचे लक्षण, १२.२ म्हणजे ती निम्मी भरलेली आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. पण विसावलेल्या बॅटरीचा आकडा फसवा असू शकतो. म्हणून पंप चालू ठेवून पुन्हा पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी काही मिनिटांतच १०.५ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर ती निकामी झाली आहे. दिवसभर वापरलेल्या बॅटरीवर अर्ध्या तासात हिरवा दिवा लागला तरी संतोष मानू नये. बिघडलेली बॅटरी विजेचा प्रवाह घेईनाशी होते आणि चार्जर तिला भरलेली समजतो.

ती बिघडते कशाने? बॅटरी रिकामी होते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेट जमते. लगेच भरल्यास ते पुन्हा विरते. आठवडेच्या आठवडे तसेच राहिल्यास त्याचे स्फटिक कठीण होतात व मग सहसा विरत नाहीत. हंगाम संपल्यावर पंप जसाचा तसा कोपऱ्यात उभा करणे हेच बॅटरीच्या अकाली मृत्यूचे मुख्य कारण होय. फवारणी आटोपली की त्याच संध्याकाळी, अंशतः वापरलेली असली तरी, ती भरावी. ८ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीस १ ॲम्पिअरच्या चार्जरवर सुमारे १० तास लागतात. बिनकामाच्या दिवसांत दर दोन महिन्यांनी ती पुन्हा भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ती आपोआपही लवकर रिकामी होते.

चार्जिंगची जागा हवेशीर, औषधांच्या साठ्यापासून दूर व विस्तवाविना असावी. बंदिस्त बॅटरी उघडून आत पाणी घालू नये. लिथियमची बॅटरी असल्यास तिचाच चार्जर वापरावा. शिशाच्या बॅटरीचा चालत नाही, आणि वरील व्होल्टचे आकडेही तिला लागू नाहीत. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये. निकामी बॅटरी बांधावर वा विहिरीजवळ टाकल्यास शिसे व आम्ल मातीत जाते. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत द्यावी.