मित्रसैन्याचा अत्याचार आणि आपला जवान

प्रश्न : माझा मुलगा लष्करात आहे. सोबत लढणाऱ्या मित्रसैन्यानेच कैद्यांवर, सामान्य माणसांवर अत्याचार केले, तर जवानाने काय करावे?
– एक वडील, पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक)

उत्तर : हा पेच आपल्या सैन्याने 1971 च्या बांगलादेश मुक्तियुद्धात अनुभवला आहे. बांगलादेशातील जमालपूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘जंगी पलटण’ लढली, तेव्हा बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची मुक्तिवाहिनी आपल्या बाजूने होती. तिच्या माणसांनी पाकिस्तानी सैन्याचे भीषण अत्याचार सोसले होते. तरीही 18 डिसेंबरला ढाक्यात मुक्तिवाहिनीतील नेते कादर सिद्दिकी यांच्या माणसांनी बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकले, तो गुन्हाच होता. सोसलेल्या यातनांमुळे आलेला संताप समजू शकतो. नि:शस्त्राची हत्या क्षम्य ठरत नाही.

16 डिसेंबरच्या पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीपत्रात भारतीय सेनानी जनरल अरोरांनी शरण आलेल्यांना जिनिव्हा करारांनुसार वागणूक देण्याची हमी दिली होती. हे करार स्वतः पाळणे आणि इतरांकडून पाळले जातील हे पाहणे, ही दोन्ही बंधने भारतावर आहेत.

म्हणून जवानाने अत्याचारात सामील होऊ नये, कैदी अशा मित्रसैन्याच्या हवाली करू नयेत, शक्य तिथे रोखावे आणि वरिष्ठांना तत्काळ कळवावे. लष्करी कायद्यातही आज्ञापालनाचे बंधन कायदेशीर हुकमापुरतेच आहे. मुलाला निःसंकोच सांगा : मैत्री युद्धापुरती, माणुसकी कायमची.